पावण्यांच्या ब्रेकला गोडेतेल

राग ही माणसाला मिळालेली सर्वांत उदात्त भावना आहे. रागातून गड उभे राहिले, रागातून राज्यं बुडाली, आणि थोरामोठ्यांच्या चरित्रांतली निम्मी पानं तरी कुणीतरी कुणावर तरी चिडल्यामुळेच लिहिली गेली. प्रेमाची महती गाणाऱ्यांनी याचा एकदा शांतपणे विचार करावा.

दसऱ्याच्या सकाळी संयोगिताला आलेला राग याच तोलाचा होता. फक्त तो एका वाटी गोडेतेलावर उभा होता.

कोल्हापूर संपून ऊस सुरू होतो तिथल्या एका माळावर सायक्लोक्रॉसची शर्यत होती. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, जिथं सायकल चालूच शकत नाही अशी जागा आधी शोधायची, तिथं सायकल चालवायची, आणि अगदीच अडलं की ती खांद्यावर टाकून पळायचं. ‘‘मग सायकल घरात ठिवून नुसतं पळायला काय हुतंय?’’ असं माळाच्या कडेला चहाची गाडी लावणाऱ्या तानाबाईंनी आयोजकांना विचारलं होतं. आयोजक अजून उत्तर शोधत आहेत.

परतीच्या पावसानं नवरात्र भिजवून काढलं होतं आणि दसऱ्यालाही त्यानं सुट्टी घेतली नव्हती. गगनबावड्याकडून एकेक ढग यायचा, माळावर शिंपडून पुढं जायचा. चिखल असा झाला होता की बूट आत गेला की विचार करून बाहेर यायचा.

संयोगिता गडहिंग्लजची. वडील बाळासो, वाळल्या मिरचीचे व्यापारी. मुलगी मिरचीच्या पोत्यांमध्ये वाढली, त्यामुळे तिच्या स्वभावाबद्दल गावात कुणी वेगळी चौकशी करत नसे. बाळासोंनी यंदा स्पष्ट सांगितलं होतं, ‘‘जिल्ह्याच्या संघात आलीस तर सायकल तुझी, आणि सरावाला कोल्हापुरात ऱ्हायला मोकळी. न्हाई आलीस तर सायकल तुझ्या मामाच्या पोराला, आणि तू दुकानात गल्ल्यावर.’’ या शर्यतीतल्या पहिल्या तिघी संघात जाणार होत्या. बाळासो शब्दाला पक्का माणूस. अडचण तीच होती.

आदल्या दिवशी ती एस.टी.च्या टपावर सायकल बांधून आली. शर्यत भरवणारी मंडळी एका तालमीतून कारभार चालवत. इतर मुली कोल्हापूरच्या, त्यांच्या सायकली त्यांच्या घरी. संयोगिता मैत्रिणीच्या हॉस्टेलवर उतरली आणि सायकल रात्रीपुरती तालमीत ठेवली. तालमीत चोरी होत नाही, असं तिला सांगण्यात आलं होतं. ते खरंच होतं. तिथून काही गेलं नाही. उलट थोडं वाढलंच.

सकाळी सरावाच्या फेरीत ती उतारावरून सुटली आणि खालच्या वळणाला दोन्ही ब्रेक दाबले. ब्रेकनं एखाद्या पुढाऱ्यासारखा आवाज भरपूर केला आणि अडवलं काहीच नाही. सायकल वाटेच्या कडेला बांधलेली दोरी तोडून थेट चहाच्या गाडीकडं निघाली.

मध्ये एक उंच, रुंद मुलगा उभा होता. त्याला बाजूला व्हायला पुरेसा वेळ होता. तो झाला नाही. त्यानं एक पाय मागं रोवला, दोन्ही हातांनी हँडल धरलं, आणि सायकल, संयोगिता आणि तिचा सगळा वेग छातीवर घेतला. दोघांच्या नाकांत वीतभर अंतर उरलं. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते... हे तिला दिसलं, आणि दिसलं म्हणून राग आला.

‘‘लागलं काय पावणं?’’ त्यानं विचारलं.

‘‘ब्रेक लागत नाहीत,’’ ती म्हणाली. राग बेताचा असला की ती कॉलेजातल्यासारखी बोलत असे. उतरून तिनं चाकाशेजारची पोलादी चकती पाहिली. ती चकाकत होती. बोट फिरवलं, वास घेतला. ‘‘हे... हे तेल आहे.’’

‘‘गोडेतेल,’’ त्यानं दुरुस्ती केली. ‘‘घाण्याचं हाय.’’

‘‘तुम्हाला काय माहीत?’’

‘‘मीच लावलं की.’’

आता, हे वाक्य तो अभिमानानं बोलला, हे नमूद करायला हवं. मुलाचं नाव उदयसिंह. दहा वर्षं तालमीत कुस्ती केलेला, गुडघा दुखावल्यावर सायकलकडं वळलेला. काल खंडेनवमी होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची. तालमीत गदा होती, मुद्गल होते, फिरवायच्या लाकडी जोड्या होत्या, सगळी पुसून तेल पाजून मांडली होती.

‘‘आणि तुमची सायकल एकटीच कोपऱ्यात हुती,’’ तो सांगत होता. ‘‘बरं दिसंना. परगावचं माणूस इश्वासानं ठिवून गेलंय, त्याचं हत्यार उपाशी कसं ठेवायचं? म्हणून हळद-कुंकू वाह्यलं, झेंडू घातला, आन् तेल... पावण्यांची म्हणून जरा जास्तच लावलं.’’

‘‘ब्रेकला?’’

‘‘चकती लई कोरडी दिसत हुती.’’

संयोगितानं डोळे मिटले. दुकानात भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक आलं की ती असेच डोळे मिटत असे, आणि गिऱ्हाईक उठून जात असे. हा उठून गेला नाही.

‘‘ती कोरडीच असती,’’ ती म्हणाली, आणि आता तिच्या तोंडून गडहिंग्लज बोलू लागलं. ‘‘कोरडी असती म्हणूनच सायकल थांबती. तुम्ही सायकल चालवता म्हणं. तुम्हाला एवढंबी ठाऊक न्हाय?’’

‘‘माझ्या सायकलला रबरी ब्रेक हाईत. चकती मी पैल्यांदाच बघितली.’’

‘‘आणि बघितल्या बघितल्या तेल वतलासा.’’

‘‘आमच्यात आखाड्याच्या मातीत तेल घालत्यात,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘अंगाला लावत्यात. कुणाचं काय बिघडल्यालं आजवर...’’

‘‘गप्प बसा. मी सांगतो तुम्हाला, गप्प बसा.’’

तो गप्प बसला. मात्र बसला ते चिखलात, तिच्या सायकलपुढं, आणि चकती पुसू लागला. तानाबाईंकडून भांड्याचा साबण आला, कुणाच्या तरी मोटरसायकलमधून पेट्रोल आलं. चकती स्वच्छ झाली. पण चकतीला धरून ठेवणाऱ्या आतल्या पॅडनी रात्रभर पोटभर तेल पिऊन घेतलं होतं, आणि ते परत द्यायला तयार नव्हते. नवे पॅड पुण्याहून मागवावे लागत. लाउडस्पीकरवरून आकाराम सर, म्हणजे शर्यतीचे प्रमुख, महिला स्पर्धकांना रेषेवर बोलावू लागले होते.

तिनं तोंड फिरवलं. पाऊस बारीक पडत होता, त्यामुळे तिच्या गालावर काय आहे ते नक्की सांगता येत नव्हतं. उदयसिंहनं मात्र ते नक्की केलं, आणि पळत सुटला.

परत आला तेव्हा त्याच्या हातात स्वतःची सायकल होती.

ती जुनी, लोखंडी आणि उंच होती. टायर जाड, हँडलला झेंडूचा हार, हारात खोचलेली आपट्याची डहाळी. आणि हँडलवर डब्याच्या झाकणाएवढी घंटी.

‘‘ही?’’ संयोगिता म्हणाली.

‘‘ही थांबती. एवढं मी खात्रीनं सांगतो.’’

‘‘शर्यतीच्या सायकलला घंटी?’’

‘‘आईनं लावलीया. घंटी न्हाय तर रस्त्यावर न्हाय म्हणाली.’’ तो पान्यानं सीट खाली करू लागला. सीट जितकी खाली जाऊ शकते तितकी गेली, तरी संयोगिताची बोटंच तेवढी जमिनीला टेकली. तो गुडघ्यावर बसून पॅडल बघत होता. मानेवरून पाण्याची एक ओळ सदऱ्यात शिरत होती. तिनं दुसरीकडं पाहिलं. दुसरीकडं बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पुन्हा तिकडंच पाहिलं.

‘‘जड हाय,’’ तो म्हणाला, ‘‘म्हणून चढावर खांद्यावर घेताना ताकद लावू नका. तिच्या पोटाखाली शिरा. खांदा आधी, हात मागनं. पैलवान उचलतात तसं. वजन आपसूक येतंय.’’

‘‘मला शिकवू नका.’’

‘‘बरं.’’

‘‘आणि मी धावत असताना काही पुजू नका.’’

‘‘बरं,’’ तो म्हणाला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ते हसू निघालं असतं तर तिनं ती सायकल त्याच्या डोक्यात घातली असती. त्यानं ते गिळलं. पोरगा अगदीच बुद्दू नव्हता.

शर्यत सुटली. पहिल्या फेरीत संयोगिता सर्वांत मागं होती. सायकल म्हैस पाण्यात उतरल्यासारखी चिखलात उतरायची आणि तिथंच रमायची. चढाशी आल्यावर संयोगितानं ती ताकदीनं उचलली, आणि घसरून सायकलसकट बसली. वर दोरीपलीकडं उदयसिंह उभा होता. तो काही बोलला नाही. त्यानं फक्त स्वतःचा खांदा खाली करून वर केला.

‘‘दिसलं मला,’’ ती ओरडली.

दुसऱ्या फेरीत ती सायकलच्या पोटाखाली शिरली. खांदा आधी, हात मागनं. सायकल अलगद वर आली. ही गोष्ट इतकी सोपी निघाली की तिला भयंकर संताप आला. त्या संतापात तिनं चढावर दोघींना मागं टाकलं.

‘‘जमलं की,’’ तो दोरीपलीकडून तिच्या बरोबरीनं पळत म्हणाला.

‘‘तुमच्या तेलामुळं... हे सगळं... तुमच्या तेलामुळं.’’

‘‘व्हय.’’

‘‘व्हय काय म्हणताय? भांडा की.’’

‘‘तुम्ही बरोबर हाईसा. भांडू कशावरनं?’’

भांडायला माणूस मिळावा आणि तो कबुलीच देत सुटावा, याच्याइतकी फसवणूक नाही. संयोगिता दात आवळून पुढं गेली. आणखी एक मुलगी मागं पडली.

तिसऱ्या फेरीत ती वाटेत आडव्या टाकलेल्या ओंडक्यांवरून उडी घेताना सायकल धाडकन पलीकडं आपटत होती. उसनी वस्तू, त्यात त्याची. आपटण्यात तिला थोडं समाधान मिळत होतं. तेवढ्यात चहाच्या गाडीमागून तानाबाईंचा आवाज आला.

‘‘अगं पोरी, जपून की. त्येची शर्यत हाय तुझ्या मागनं, त्याच सायकलीवर. मोडलीस तर तो काय माझ्या गाडीवर बसून जाणार व्हय?’’

संयोगिताचा पाय पॅडलवरून सटकला.

चढावर तो होताच. तिच्या खांद्यावर त्याची सायकल होती, श्वास लागला होता, तरी ती थांबली. शर्यतीत थांबायचं नसतं, पण तिला राहवेना.

‘‘तुमची शर्यत हाय?’’

‘‘पुरुषांची. तुमच्यानंतर.’’

‘‘संघाची?’’

‘‘व्हय.’’

‘‘दुसरी सायकल?’’

त्यानं नकारार्थी मान हलवली.

‘‘मला सांगितलं का न्हाई?’’

‘‘तुम्ही बोलू कुठं दिलासा,’’ उदयसिंह म्हणाला. मग पायांकडं बघत, ‘‘आन् सांगितलं असतं, तर तुम्ही घेतली नसती...’’

 शर्यत विसरून ती त्याच्याकडं बघत राहिली — चिखलानं माखलेली, खांद्यावर दुसऱ्याचं वर्षभराचं स्वप्न घेऊन. पाऊस क्षणभर थांबल्यासारखा वाटला. तो थांबला नव्हता.

‘‘पळा,’’ तो म्हणाला.

शेवटची फेरी. संयोगिता चौथी होती. पुढं पूर्णिमा, कोल्हापूरचीच, गेल्या वर्षी संघात असलेली. तिला गाठायची एक जागा होती. उतारावर डावीकडं दगडांतून सरळ वाट जायची. तिथून सायकल सोडली तर पन्नास पावलं वाचत होती, आणि पुढचं चाक वाकण्याची शक्यताही तितकीच होती. स्वतःच्या सायकलवर तिनं क्षणाचाही विचार केला नसता. आताही केला नाही. हात आपोआप उजवीकडं वळले, लांबच्या, मऊ वाटेला. रबरी ब्रेकनी म्हाताऱ्या माणसासारखं सावकाश पण नक्की धरलं.

पूर्णिमा आणखी पुढं निघून गेली.

‘‘उदयसिंह,’’ संयोगिता दातांतल्या दातांत म्हणाली. त्याचं नाव तिनं पहिल्यांदाच उच्चारलं होतं, आणि ते शिवीसारखं उच्चारूनही गोड लागलं. यानं तर ती खवळलीच. दुकानाचा गल्ला डोळ्यांसमोर आला, सायकलवरून गल्लीत फिरणारा मामाचा पोरगा आला. ती सीटवरून उठली आणि उभ्यानं पॅडल मारू लागली.

शेवटचा टप्पा उसाच्या दोन फडांमधल्या बांधावरून होता. वाट एका सायकलीपुरती. ओला ऊस दोन्हीकडून अंगावर येत होता. पूर्णिमाचं मागचं चाक तिच्यापासून हातभर राहिलं, पण पुढं जायला जागा नव्हती, आणि बांध संपला की लगेच रेषा.

संयोगिताच्या अंगठ्याला घंटी लागली.

तिनं ती ठरवून वाजवली नाही, असं ती आजही शपथेवर सांगते. अंगठा रागानं थरथरत होता, एवढंच. ट्रिंग ट्रिंग... डब्याच्या झाकणाएवढी घंटी उसात घुमली. आणि कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या गर्दीत लहानाची मोठी झालेली पूर्णिमा मागून घंटी आली की जन्मभर जे करत आली होती, तेच तिनं आताही केलं. मागं न बघता सायकल उसात घातली आणि म्हणाली, ‘‘जावा की.’’

संयोगिता गेली.

रेषेवर ती तिसरी आली. पूर्णिमा पानांचा भारा अंगावर घेऊन मागून आली आणि थेट आकाराम सरांकडं गेली. त्या दिवशी माळावर रागाला तोटा नव्हता.

‘‘सर, तिनं घंटी वाजवली.’’

आकाराम सरांनी चष्मा पुसला. ‘‘मग तू बाजूला का झालीस?’’

‘‘घंटी वाजली म्हणून.’’

‘‘घंटीवर बंदी न्हाय बाळ,’’ सर म्हणाले. ‘‘बाजूला होण्यावर तर न्हाईच न्हाई. राखीव खेळाडूत तुझं नाव घालतो. जा, चहा घे.’’

संयोगितानं घरी फोन केला. बाळासोंनी ऐकून घेतलं, घसा खाकरला, आणि मामाच्या पोराला आपण समजावू, एवढंच म्हणून ठेवून दिला. फोन बंद होता होता पलीकडं कुणीतरी मोठ्यानं शिंकलं. मिरचीच्या दुकानात शिंकेचा अर्थ काढता येत नाही, पण तिनं काढला.

मग ती उदयसिंहला शोधत निघाली. एका हातानं सायकल धरलेली. तो दोरीपाशी उभा होता, कुठं बघावं हे न कळलेल्या माणसासारखा. तिनं जवळ येऊन हँडल दोन्ही मुठींत घट्ट आवळलं. हारातले झेंडू केव्हाच गळून गेले होते. आपट्याची डहाळी मात्र चिखलातही टिकून होती.

‘‘चाक सरळ आहे,’’ ती म्हणाली. ‘‘बघून घ्या.’’

‘‘बघितलं. तुम्ही दगडातनं गेला न्हाईसा.’’

‘‘तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘मी तिथंच उभा हुतो. चाकासाठी न्हाय... तुम्ही पडशीला म्हणून.’’

तिनं खाली पाहिलं. त्याच्या सदऱ्यावर छातीशी तिच्या सायकलच्या टायरची नक्षी उमटली होती, सकाळची.

‘‘राग गेला काय?’’ त्यानं विचारलं.

‘‘न्हाई.’’

‘‘थोडा तरी?’’

‘‘वाढलाय,’’ संयोगिता म्हणाली. आवाज तिचा होता, पण कुठल्यातरी नव्या गल्लीतून येत होता. ‘‘सरावाला आता मी कोल्हापुरातच ऱ्हाणार. रोज तुमच्या तालमीवरनं जाणार. रोज मला हे तेल आठवणार, आन् रोज राग येणार. तेवढ्या वेळेला तुम्ही दारात उभं ऱ्हावा.’’

‘‘रोज?’’

‘‘मग एवढा राग मी कुणावर काढू? दुसऱ्या कुणावर काढावासा वाटत न्हाई.’’ ती क्षणभर थांबली. ‘‘ह्यापुढं... कधीच, कुणावर.’’

उदयसिंहच्या डोक्यात हे वाक्य सावकाश शिरलं, आणि शिरल्यावर त्यानं सगळी जागा व्यापली. कान लाल झाले. दहा वर्षांच्या कुस्तीत समोरच्यानं त्याला इतकं सरळ चितपट केलं नव्हतं.

‘‘म्हणजे—’’

‘‘म्हणजे तेच.’’ तिनं हारातून आपट्याचं एक पान तोडलं, चिखलाचं बोट लागणार नाही असं दोन नखांत धरलं आणि त्याच्यापुढं केलं. ‘‘सोनं घ्या.’’

‘‘सोनं संध्याकाळी वाटत्यात,’’ तो कसाबसा म्हणाला.

‘‘संध्याकाळपर्यंत माझा राग असाच राहील, ह्याची खात्री न्हाई.’’

त्यानं पान घेतलं. घेताना बोटं लागली, ती लागलेलीच राहिली. ओला ऊस सळसळत होता. लाउडस्पीकरवर आकाराम सर काहीतरी घसा फोडून सांगत होते, ते दोघांच्याही कानांवर पडत नव्हतं. तानाबाईंनी चहाचे दोन ग्लास भरून गाडीच्या कडेला ठेवले आणि मुद्दाम पाठ फिरवली.

‘‘एक मागू?’’ उदयसिंह म्हणाला.

हँडलवरची संयोगिताची दुसरी मूठ आणखी आवळली गेली. ‘‘मागा...’’

‘‘तेवढी सायकल सोडता काय?’’ तो म्हणाला. ‘‘माझी शर्यत सुटाय लागलीया.’’